मथुराबाईचं तोंड

खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो, पण आमच्या गल्लीतले सगळे कापडाचे लूम एकदम चालू असले तरी मथुराबाईचा आवाज त्यांच्यावरून ऐकू यायचा. मी तिची शेजारीण, चारुलता. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. माझंही तोंड काही गरीब नाही, माझ्या नवऱ्याला विचारा. पण मथुराबाईपुढं मी म्हणजे मुकी गाय. दूधवाला तिच्या दाराजवळ हॉर्न वाजवत नसे, आणि कचरागाडीवाला तिथं आला की गाणं बारीक करायचा.

बाई विधवा. गळ्यात तुळशीची माळ, सोवळं कडक. एकदा शनवाऱ्याच्या बाजारातून येताना कुणाची तरी मासळीची टोपली हिच्या पदराला लागली. घरी येऊन भर थंडीत डोक्यावरून गार पाणी घेतलं आणि ते लुगडं बोहारणीला देऊन टाकलं. नवं कोरं लुगडं! मी म्हटलं, "अगं बाई, धुवून मला तरी द्यायचं." तर म्हणे, "तुला पण वास लागंल."

अशा बाईच्या पुढच्या खोलीत एक दिवस काचेची पेटी आली, आणि पेटीत मासे! मी कोथिंबीर मागायला गेले होते. उंबऱ्यातच थिजले. कोथिंबीर राहिली बाजूला.

पेटी आणली होती तिच्या एकुलत्या एक पोरानं, जीवननं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. बाप गेल्यापासून त्या घरात आईसमोर 'पण' म्हणायची हिंमत करणारा तो एकटाच. "आई, खानेका नहीं, फक्त बघायचं आहे," असं म्हणून म्हणून त्यानं तिला वळवलं. मथुराबाईची अट एकच, देवघरातून पेटी दिसता कामा नये.

"काकू, सिक्लिड म्हणतात यांना. आफ्रिकेच्या तळ्यातले आहेत," जीवननं मला कौतुकानं सांगितलं.

मथुराबाई आतून ओरडली, "शिकलेले? शिकलेले आहेत तर मारामाऱ्या कशाला करतात?"

तेव्हापासून आमच्या गल्लीत ते 'शिकलेले मासे'. आणि मारामाऱ्या खरंच फार. त्यात एक निळा नर होता, काळ्या पट्ट्यांचा, बोटाएवढा. मोठ्या दगडाखालची जागा त्याची. तिथं कुणी फिरकलं की हा धावून जायचा, शेपट्या कुरतडायचा. मथुराबाईनं त्याचं नाव ठेवलं कडू. आपल्याकडं मुलं जगत नसली की एकाचं नाव कडू ठेवतात ना, म्हणजे यमानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं. "हा मेला जगावा असा नाही," ती म्हणायची, "पण माझ्या पोराचा जीव आहे त्याच्यात."

जीवन सांगायचा, हे जेवढे मारकुटे तेवढेच नाजूक. आपल्या बोरचं जड पाणी, ज्यानं हंड्याला पांढरा थर धरतो, ते यांना मानवतं. पण पाणी सगळं एकदम बदलायचं नाही. थोडं काढायचं, थोडं घालायचं. एकदम बदल झाला की हे पैलवान आडवे. मी ऐकलं होतं, मथुराबाईनंही ऐकलं होतं. हे ध्यानात ठेवा.

पेटीत घालायचे दगड आणायला जीवन तापीवर जायचा. तिथं राजघाटाकडं भोयांची एक मुलगी त्याला भेटली, पल्लवी. बी.कॉम. झालेली, बाप तापीत जाळं टाकणारा. दगड जास्तच यायला लागले तेव्हाच मला शंका यायला हवी होती! पाडव्याच्या सुमाराला जीवननं आईला सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशीच.

मग जे झालं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"मासे मारणाऱ्याची पोर माझ्या चुलीशी? त्यापेक्षा तू तोंड काळं कर! या उंबऱ्याला परत तोंड दाखवू नको!"

मी भिंतीपलीकडं पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. रागात माणूस काहीही बोलतं, मीही बोलते, पण पोटच्या पोराला हे? जीवन पिशवी घेऊन बाहेर आला. चेहरा असा, की जणू आईनं नव्हे, कुणी परक्यानं थोबाडीत दिली. एवढंच म्हणाला, "मासे तेवढे उपाशी मारू नको."

दोघांनी कोर्टात लग्न केलं आणि सुरतेला निघून गेले.

मला वाटलं, आता ही पेटी नाल्यात ओतणार. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकावले तर काय! मथुराबाई पेटीसमोर, नाकाला पदर लावलेला, आणि दोन बोटांच्या चिमटीनं दाणे टाकतेय.

"बघतेस काय? मुकी जनावरं आहेत. त्यांनी काय केलं माझं?" माझ्यावरच खेकसली.

काही दिवसांनी फोन आला. बाईला कानानं कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. तिचं ऐकायला मला भिंतीला कान लावावा लागत नाही.

"मासे कसे आहेत?"

"बरे आहेत."

"कडू?"

"आहे. मस्तवाल."

बस, फोन बंद. ना तू कशी, ना गुडघे कसे. मग असे फोन यायला लागले. बोलणं वाढलं, पण सगळं माशांचंच. ही म्हणायची, "कडू आज पोटभर जेवला." तो म्हणायचा, "अच्छा है. मी पण आत्ताच जेवलो." ती म्हणायची, "पावसानं पेटीतलं पाणी गार पडतंय." तो म्हणायचा, "इकडं पण हवा खराब आहे, सर्दी झालीय." आता काय म्हणावं या माय-लेकांना! ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं.

"अगं सरळ विचार ना त्याला, कसा आहेस रे बाबा म्हणून!"

मथुराबाईनं माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या डोळ्यांत मी राग पाहिला, माज पाहिला. भीती पहिल्यांदाच.

"विचारलं आणि त्यानं फोन ठेवला तर? माशांचं निमित्त आहे तोवर तो फोन करतो, चारू. मासे आहेत तोवर पोरगा आहे."



एकदा दाणे संपले. जीवन फोनवर म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. मटार उकड, साल काढून दे. पालक दे. हे शेवाळ खाणारे आहेत. मांस जास्त झालं तर पोट फुगून मरतात."

झालं! बाई दारात येऊन सगळ्या गल्लीला सांगत सुटली, "ऐकलं का गं? माझे मासे माळकरी आहेत!"

"माळकरी?" मी म्हटलं. "काल तुझ्या कडूनं एकाची शेपटी पार फाडली. तोंडात मटार असला म्हणून काय झालं बाई? तोंडानं फाडायचं ते फाडतंच."

मी कडूबद्दलच बोलत होते. निदान अर्धं तरी. मथुराबाई आत निघून गेली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पण ती शिकत होती. कडूनं फार छळ मांडला की जीवन सांगायचा, दगड हलव, म्हणजे त्याची हद्द मोडते आणि त्याला कळत नाही कुठं दादागिरी करावी. मग ही झाऱ्यानं दगड इकडचे तिकडं करायची. ज्या बाईनं टोपली लागली म्हणून लुगडं टाकलं, तिचा हात कोपरापर्यंत माशांच्या पाण्यात! मी तोंडात बोटं घालायची तेवढी राहिले.

श्रावण लागला, आणि पेटीतली पिवळी मादी जेवेना. मटार तिच्या नाकासमोरून खाली जायचा, ही तोंड मिटून बघत बसायची. पहिला दिवस सोमवार होता. मथुराबाईनं हात जोडले, "बघ, सोमवार पाळते." मी पोट धरून हसले. मंगळवारी पण जेवली नाही. बुधवारी पण नाही. "अख्खा श्रावण धरलाय तिनं," मथुराबाई म्हणाली, आणि ती थट्टा करत नव्हती. पण पिवळी कोपऱ्यात दबून राहायला लागली आणि कडू तिच्या मागं लागला, तेव्हा हिनं तिला अलगद काढून बोरच्या पाण्याच्या टबात ठेवलं. पेटीतली हवेची एक नळी तिकडं वळवली.

"जीवनला विचार, काय झालंय तिला," मी म्हटलं.

"नको. म्हणेल, आईला सांभाळता येत नाही."

श्रावण सरत आला तेव्हा तो फोन आला. मी तिथंच वाती वळत बसले होते.

"पोळ्याला सुट्टी मिळालीय," जीवन म्हणाला. "येईन म्हणतो. मासे बघायला."

मथुराबाई फोन बंद करायचा विसरली. सुरतेतल्या कुठल्या तरी रस्त्यावरचे हॉर्न आमच्या खोलीत वाजत राहिले. मग ती उठली आणि डाळ किती आहे ते बघायला डबे उघडायला लागली. पुरणपोळी करायची, बाजारातून त्याच्या आवडीची मिठाई, दराबा, आणायचा, गाद्यांना ऊन द्यायचं. एकटा येतोय की दोघं, हे त्यानं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी बहादरपूरला बहिणीकडं गेले होते. मी घरी असते तर हे झालं नसतं, असं मला अजून वाटतं. बाईच्या बोरची मोटर जळाली होती. तापीला पूर, नळाला पाणी आलं ते चहासारखं लाल. आणि पेटीच्या काचांवर शेवाळ. हिच्या मनात एकच, पोरगा मासे बघायला येतोय, त्याला पेटी लख्ख दिसली पाहिजे.

तिनं पेटीतलं सगळं पाणी काढलं. दगड घासून पांढरे केले. नळाचं पाणी भरलं. ते गढूळ. आता तापीकाठची बाई गढूळ पाण्याला काय करते? हे कुणाला शिकवावं लागत नाही. सासू करायची, सासूची सासू करायची. हंड्यात तुरटीचा खडा फिरवला की गाळ खाली बसतो. हंड्याला चार वेढे पुरतात. ही तर एवढी मोठी पेटी! हिनं खूप वेळ खडा फिरवला, आणि पुरेल न पुरेल म्हणून अख्खा खडा आतच सोडला.

दिवे लागायच्या वेळी मी परतले, तर बाई दारातच. चेहरा फुललेला. "चारू, ये, बघ कसं चकाचक केलंय!"

मी आत गेले. पाणी एवढं नितळ, की पेटीत पाणी आहे की नाही तेच कळेना. आणि बहुतेक मासे वरती, पाण्याच्या कडेला, तोंडं उघडत, मिटत, उघडत, मिटत.

"बाई," मी म्हटलं, "हे असे का करतात गं?"

"भूक लागली असंल."

तेवढ्यात एक उलटला. पांढरं पोट वर. मग दुसरा. कडू आपल्या दगडापाशी एका कुशीवर पडला होता. एक छोटा मासा तडफडत त्याच्या अंगावरून, त्याच्या हद्दीतून गेला, आणि कडू हलला नाही. तेव्हा मथुराबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

मी कळशी घेऊन धावले. समोरच्या बोरचं पाणी आणलं, ओतलं, परत धावले. काही उपयोग झाला नाही. एवढे दांडगे मासे, बघता बघता खलास! तुरटीनं गाळ बसवला, त्यांनाही बसवलं.

मला वाटलं, आता ही गल्ली डोक्यावर घेणार. नळाला शिव्या, नगरपालिकेला शिव्या, मला शिव्या. काही नाही. भिंतीला टेकून खाली बसली.

"तेच पाणी मी पिते गं. मी पिते तेच दिलं त्यांना."

"अगं, तुला काय माहीत..."

"माहीत होतं. त्यानं सांगितलं होतं, सगळं एकदम बदलू नको." मग पेटीकडं बघत म्हणाली, "आता तो कशाला येईल?"

"सांगू नको त्याला," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मी रागावते. "एक शब्द बोलू नको! आधी येऊ दे, दारात पाय ठेवू दे, मग बघू."

आणि तेवढ्यात फोन वाजला. देवाला तरी काही वेळकाळ!

"आई, आज रात्रीची गाडी आहे, सकाळी..."

"जीवन." ती थांबली. मी डोळ्यांनी खुणा करतेय, नको, नको. "सगळे मेले रे. मी तुरटी फिरवली. मीच मारले."

पलीकडून आवाज नाही. मला वाटलं, संपलं. ठेवला त्यानं फोन. मथुराबाई फोनकडं बघत बसली होती, मारुतीसमोर नवस फसलेला माणूस बसतो तशी.

मग फोनमधून एका बाईचा आवाज आला.

"आई, मी पल्लवी. ते बोलू शकत नाहीयेत, रडतायत. सगळे गेले? एक पण नाही राहिला?"

या आवाजाशी मथुराबाई कधी बोललेली नव्हती. 'ती भोईण' याशिवाय तिचा उल्लेख नव्हता या घरात. आता फोन फेकते की काय!

"एक आहे," मथुराबाई म्हणाली. "पिवळी. टबात आहे. पण ती पण जाईल. जेवतच नाही. श्रावण लागल्यापासून उपाशी आहे."

"श्रावण लागल्यापासून? आई, तिचा गळा फुगलाय का? खालून? मिटल्या तोंडात काही चघळल्यासारखं करते?"

मथुराबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी टबावर वाकले. खरंच होतं! आम्हाला वाटलं होतं, सूज आहे.

"हो," मी ओरडून सांगितलं.

"ती आजारी नाही. तिच्या तोंडात पिल्लं आहेत!"

"कुठं?"

"तोंडात, आई. अंडी घातली की ही मादी ती तोंडात घेते. पिल्लं तिथंच मोठी होतात. गिळलं तर ती पोटात जातील, म्हणून ती जेवत नाही."

मी मटकन खालीच बसले. माय गं! आम्ही उपवास म्हणून हात जोडत होतो आणि ही अख्खं बाळंतपण तोंडात घेऊन बसली होती!

मथुराबाई मात्र हसली नाही, काही नाही. हळूच म्हणाली, "एवढे दिवस तोंड मिटून? एकदा पण उघडलं नाही?"

"नाही ना आई. उघडलं तर पोरं जातात."

पल्लवीनं माशाचं सांगितलं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, मी शपथेवर सांगते, त्या आवाजात टोमणा नव्हता. पण मथुराबाईचा हात उठला आणि आपल्याच तोंडावर गेला. तसाच राहिला. बोटांमधून आवाज येईना, नुसते खांदे हलायला लागले. पल्लवी पलीकडून "आई? हॅलो? आई?" करतेय आणि इकडं मथुराबाई, जिचा आवाज लूमवरून ऐकू यायचा, तिला एक शब्द फुटेना.

शेवटी हात काढून म्हणाली, "त्याला सांग, बघायला मासे नाहीत आता. तरी या. दोघं या." आणि नाही म्हणतील या धाकानं फोन ठेवून दिला.

ते काय करतील, आम्हाला काहीच कळायला मार्ग नव्हता.

सकाळी मी गेले तेव्हा पुरणाचा वास दरवळत होता आणि बाई टबाशी उकिडवी बसली होती. "इकडं ये. हळू." मी वाकले. पिवळीच्या भोवती राजगिऱ्याएवढी पिल्लं, नुसते डोळे आणि शेपटी. माझी सावली टबात पडली मात्र, पिवळीनं जबडा उघडला आणि सगळी पिल्लं धावत आत! तोंड बंद!

"खाल्ली गं बाई, खाल्ली!" मी किंचाळले.

"गप. खाल्ली नाहीत. तुला भ्याली ती." मथुराबाईनं मला मागं ओढलं. थोड्या वेळानं तोंड उघडलं आणि एकेक बाहेर आलं. जगात काय काय असतं आणि माणसाला काही माहीत नसतं!

बाहेर रिक्षा थांबली.

जीवन दारात आला. वाळलेला. त्याच्या मागं, पायरीच्या खाली, पल्लवी उभी. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, पाय पुढं येईना. समोरच्या खिडक्या उघडायला लागल्या होत्या. आमची गल्ली तमाशा सोडत नाही. सगळे वाट बघत होते, आता मथुराबाईचं तोंड सुटणार.

मथुराबाई आत गेली. चुलीपासून पोळी घेऊन आली. अजून मातीच्या बैलांना नैवेद्य दाखवला नव्हता, बरं का! मी म्हणायला गेले, "अगं, नैवेद्य..." पण ती माझ्याजवळून गेली, पोराच्या बाजूनं गेली, उंबरा ओलांडून खाली उतरली आणि पल्लवीसमोर उभी राहिली. पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवलेला.

"तोंड उघड," म्हणाली.

पल्लवीनं भीत भीत अर्धा घास घेतला. उरलेला अर्धा, तिच्या ओठांना लागलेला, बाईच्या बोटांत होता. सगळी गल्ली बघत होती. मथुराबाईनं तो आपल्या तोंडात टाकला, सावकाश चावला आणि गिळला.